पॉलिशच्या आधी हात फिरवून बघा

गाडीला पॉलिश पहिल्यांदाच करताय ना? मग पॉलिशचा डबा जरा बाजूला ठेवा. निम्म्याहून जास्त काम त्याच्या आधीचंच असतं.

धुण्यापासून सुरुवात. गाडी सावलीत हवी आणि बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. बादल्या दोन घ्या: एकीत कार शॅम्पू, दुसरीत मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी. बोअरचं पाणी अंगावर सुकू देऊ नका, पांढरे डाग बसतात. उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे बहुतेक वेळा धुळकट फडक्यानं कोरडं पुसल्याचे असतात, तेव्हा ती सवय आजच सोडा.

आता पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवा. रवा सांडल्यासारखं खरखरलं, तर ब्रेकची धूळ, डांबराचे कण रंगात रुतलेत. डांबर आधी टार रिमूव्हरनं काढा, मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा. शॅम्पूचं पाणी सढळ हातानं शिंपडा, गोळा सरळ रेषेत हलकेच फिरवा, मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर घ्या.

नवखे इथे चुकतात:
- पडलेला क्ले परत वापरणं. मी वापरला होता. मागच्या दारावर त्याची सही अजून आहे.
- काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप न लावणं.
- चरा दिसला की घासत सुटणं. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, केसाहूनही पातळ असतो.

मशीन, पॅड वगैरे नंतर. आधी एकट्या बॉनेटवर करून बघा आणि कसं झालं ते कळवा.