मांडीतली गाठ आणि डोक्यातला रक्तस्राव

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा, तंबाखूच्या वखारीत कामाला. दोन वर्षांपासून मांडीत गाठ होती. दुखायची नाही, म्हणून सगळे चरबीची गाठ म्हणत राहिले. आईनं तेल लावून चोळलीही. गेल्या महिन्यात त्याला फिट आली, स्कॅनमध्ये डोक्यात रक्तस्राव निघाला. बीपी मात्र नॉर्मल! डॉक्टर म्हणतात, मांडीतलाच कॅन्सर वर गेलाय. असं होतं? आई चोळल्याचं मनाला लावून घेऊन जेवायची थांबलीय.
— एक बहीण, निपाणी

उत्तर : ताई, आधी आईंना जेवायला बसवा. तेल चोळून कॅन्सर होत नाही.

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांतल्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरांत असा एखादाच. पसरला तर बहुतेक वेळा फुफ्फुसात जातो, मेंदूत क्वचित. पण अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा ही जात वेगळी. तरुण वय, मांडी, न दुखता सावकाश वाढणारी गाठ, आणि मेंदूत जायची खोड. भावाचं वर्णन जुळतं खरं, तरी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा, कागद बघितल्याशिवाय मी नाव देणार नाही. अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सार्कोमा, हाही डोक्यात जाऊन रक्तस्राव करतो.

बीपीचा इथं संबंध नाही. गाठ स्वतःपुरत्या नव्या रक्तवाहिन्या तयार करते. त्यांच्या भिंती कच्च्या, म्हणून फुटतात. त्यामुळं रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी, अगदी ॲस्पिरिनसुद्धा, विचारल्याशिवाय देऊ नका. सुजेसाठीचं स्टेरॉइड आणि फिटची गोळी मनानं बंद करू नका. डोक्यातल्या गाठी किती, कुठं, केवढ्या यावर ऑपरेशन की नेमकं गाठीवरच दिलेलं रेडिएशन हे ठरेल. वर सांगितलेल्या अल्व्हिओलर जातीसाठी अटेझोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. महाग आहे, पण विचारून ठेवा.

मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात निघाला तर बायोप्सीच्या स्लाइड (तुकड्याच्या काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. आणि आपलं सीमाभागाचं दुखणं : इकडचं आरोग्य कार्ड तिकडं चालेलच असं नाही. फोन करून विचारा, मगच गाडीत बसा.

इतर वाचकांनो, पाच सेंटिमीटरहून मोठी, खोलवरची किंवा वाढणारी गाठ दुखत नसली तरी आधी एमआरआय, मग सुईची बायोप्सी. 'छोटंसं ऑपरेशन करून काढून टाकू' म्हणणाऱ्याकडं थांबू नका.

पुन्हा फिट आली तर त्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा उलट्या होऊन गुंगी आली, तर रात्र असली तरी थेट इस्पितळ गाठा.