नॅनोझाइम वापरून दुधातलं अँटिबायोटिक घरच्या घरी ओळखता येईल का?

तुम्ही विचारलंय, नॅनोझाइम चाचणीच्या व्हिडिओत औषधाचा थेंब टाकताच नळीतलं पाणी निळं झालं, मग गोठ्यातल्या दुधावर हे का करू नये? गोम तिथेच आहे. व्हिडिओत पाणी होतं, दूध नव्हतं.

मी डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासतो. तो निळा रंग टीएमबी नावाच्या रसायनाचा. हायड्रोजन पेरॉक्साइड सोबत असेल तर पेरॉक्सिडेज हे एन्झाइम त्याला निळं करतं. मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे, नॅनोकणही (अतिसूक्ष्म कण) तेच काम करतात, हे बीजिंगच्या यान शियुन यांच्या गटाने २००७ साली दाखवलं. एन्झाइम उष्णतेने लवकर बिघडतं, कण तग धरतात. एन्झाइमचं काम करणाऱ्या अशा कणांनाच नॅनोझाइम म्हणतात. म्हणून एवढं कौतुक.

पण कणांना औषध ओळखता येत नाही. ते काम अ‍ॅप्टामरचं, म्हणजे डीएनएच्या छोट्या धाग्याचं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये कॅनामायसिन हे अँटिबायोटिक ओळखण्यासाठी सोन्याचे नॅनोकण वापरले. धागा कणांना चिकटलेला असतो तोवर रंग येत नाही. कॅनामायसिन आलं की धागा कण सोडून त्याला बिलगतो, कण उघडे पडतात आणि नळी निळी होते.

आता दूध घ्या. ही क्रिया साधारण पीएच ४ला, म्हणजे बऱ्याच आंबट द्रावणात, छान चालते, आणि दूध ४.६च्या आसपासच फाटतं. मी हौसेने करून पाहिलं तेव्हा नळीत आधी पनीर झालं! म्हणजे अगोदर स्निग्धांश आणि केसीन (दुधातलं प्रथिन) काढून निवळी घ्यायची. शिवाय कच्च्या दुधात स्वतःचं लॅक्टोपेरॉक्सिडेज असतं. औषधाचा अंशही नसताना तेही टीएमबी निळं करू शकतं. वर नजरेचा घोळ: ट्यूबलाइटखाली मला निळी दिसलेली नळी सहकाऱ्याने खिडकीशी नेऊन 'छे, काही नाही' म्हणून परत दिली.

त्यात एक अ‍ॅप्टामर सहसा एकाच औषधासाठी. डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं असेल तर कॅनामायसिनची नळी गप्पच बसणार. युरोपात पेनिसिलिन-जीची मर्यादा दुधात किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे. एवढं कमी डोळ्यांनी पकडायचंय.

सध्या जिवाणूंची जांभळी अँपूल, म्हणजे आत जिवाणू असलेली तयार चाचणी-कुपी, बरी. तिच्यात दूध घालून ६४ अंशांवर तीनेक तास ठेवायची. जिवाणू वाढून आम्ल झालं की पिवळी होते, जांभळीच राहिली तर औषधाने जिवाणू रोखले असं समजून दूध बाजूला. आणि दगडीसाठी (कासेच्या सुजेसाठी) कासेत अँटिबायोटिकची ट्यूब सोडली असेल, तर लेबलवरचे दिवस संपेपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका. उकळूनही औषध बरंचसं तसंच राहतं.