बांगडीचा तुकडा: चिन्ह, प्रतीक की प्रतिमा?

कॅनव्हासवर रंगांच्या जोडीने जुनी लग्नपत्रिका आणि हिरव्या बांगडीचा तुकडा चिकटवला असेल, तर त्या तुकड्याला चिन्ह म्हणावे, प्रतीक की प्रतिमा, आणि अशा चित्राला 'चित्रकथी' म्हणता येईल का, असे एका वाचिकेने विचारले आहे.

माझ्या मते येथे 'प्रतीक' हाच नेमका शब्द आहे. चिन्हाचा अर्थ आधीच ठरलेला असतो. दोन संख्यांमध्ये लिहिलेले अधिकचे चिन्ह बेरीजच सांगते. 'प्रतिमा' या शब्दात मूळ वस्तूशी साम्य अभिप्रेत आहे, त्यामुळे रंगाने काढलेली बांगडी ही प्रतिमा ठरेल. चिकटवलेला तुकडा मात्र खुद्द बांगडीचाच आहे. 'प्रतीक' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ अवयव किंवा अंश असा असून, वैदिक वाङ्मयात मंत्राच्या आरंभीच्या ज्या शब्दांवरून संपूर्ण मंत्र समजून घ्यायचा असतो, त्यांनाही प्रतीकच म्हणतात. अंशावरून अख्ख्याकडे नेणारा हा अर्थ आपल्या तुकड्याला किती चपखल बसतो, हे वेगळे सांगायला नको.

बांगडी फुटली असे म्हणणे अशुभ मानून आपण ती 'वाढली' म्हणतो. त्यामुळे लग्नपत्रिकेवरचा हिरवा तुकडा पाहताच मराठी प्रेक्षकाच्या मनात वैधव्याची शंका येते, आणि ती चित्रकाराइतकीच भाषेनेही पेरलेली असते. पत्रिकेऐवजी पाटीचा तुकडा असता, तर फुटक्या बांगड्यांच्या काचांनी काचापाणी खेळलेल्या बाईला त्याच काचेत बालपण दिसले असते.

पिकासोच्या 1912 मधील वेताच्या खुर्चीच्या चित्रात हा भेद आणखी गुंतागुंतीचा होतो. तेथे वेताची वीण छापलेले मेणकापड चिकटवलेले असून चित्राभोवती खराखुरा दोर आहे. मेणकापड ही वस्तू खरी, पण त्यावरची वीण ही वेताची प्रतिमा. दोर मात्र दोरच राहतो. त्याला ओढूनताणून प्रतीक करण्याची काही गरज नाही.

माध्यमाविषयी थोडे. अशा चित्राच्या माध्यमाला 'मिश्र माध्यम' म्हणावे. 'बहुमाध्यम' हा शब्द मल्टिमीडियासाठी रूढ आहे. कोलाज, म्हणजे कागद, कापड असे तुकडे चिकटवून केलेले चित्र, हा मिश्र माध्यमाचा समानार्थी शब्द नव्हे, कारण जलरंग आणि शाई एकत्र वापरली, तरी काहीही न चिकटवता माध्यम मिश्र होते.

'चित्रकथी' हा शब्द मात्र येथे वापरू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंतांच्या परंपरेत पोथीतील चित्रे एकामागून एक दाखवत कथा गाऊन सांगितली जाते. सांगणारा नसेल तर ती चित्रकथी उरत नाही. आपल्या कॅनव्हाससमोर पत्रिका आणि काच यांचा संबंध पाहणाऱ्यानेच जोडायचा आहे, म्हणून त्याला 'कथनपर चित्र' म्हणावे, किंवा सरळ 'गोष्ट सुचवणारे चित्र'.