सायकलींच्या कार्यशाळेत अभियंत्याचे काम काय?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दक्षिण आफ्रिकेतील टाउनशिपमध्ये सायकल दुरुस्ती, सायकलवरून घरपोच सेवा अशा सामुदायिक प्रकल्पांतून तरुणांना कौशल्य आणि रोजगार दिला जातो, याविषयी तिने बरेच वाचले आहे. कॅम्पस मुलाखतींना न बसता केपटाउनला जाऊन अशा संस्थेत काम करायचे, असे तिने ठरवले आहे. ‘पंक्चर काढायला पदवी कशाला हवी होती,’ असे घरात सगळे विचारतात. आम्ही तिला अडवावे का? — एक पालक, नाशिक

नमस्कार,

आपण तिला अडवू नये, असे माझे मत आहे. मात्र ज्या कामाच्या ओढीने ती निघाली आहे ते काम मुळात तिच्यासाठी नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी तिला कळले पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेतील टाउनशिप म्हणजे कृष्णवर्णीयांना शहरापासून दूर ठेवण्यासाठी वसवलेल्या वस्त्या. कोणत्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचे हे १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने ठरवून टाकले. तो कायदा जाऊन तीन दशके उलटली, तरी नोकऱ्या शहरात आणि नोकरी शोधणारे वस्तीत, ही विभागणी फारशी बदललेली नाही. केपटाउनची खायेलित्शा ही वस्ती शहराच्या मध्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिला शहराशी जोडणारी लोकल रेल्वे २०१९ मध्ये बंद पडल्यावर लोकांना पुढे काही वर्षे प्रामुख्याने मिनीबस टॅक्सीवर अवलंबून राहावे लागले. देशात १५ ते ३४ या वयोगटातील बेरोजगारीचा दर अलीकडे ४५ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. रोज ३० किलोमीटर जाऊन तेवढेच परत येणे सायकलने फार थोड्यांना जमेल, हे उघड आहे. म्हणून सायकलीतून उभा राहणारा रोजगार मुख्यतः वस्तीच्या आतला असतो : लांगा या केपटाउनच्या जुन्या वस्तीत क्लाउडी डिलिव्हरीजची मुले सायकलवरून घरोघरी सामान पोहोचवतात, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत पर्यटकांना सायकलवरून वस्ती दाखवली जाते, खायेलित्शातील वेलोखाया अकादमीत शाळेनंतर मुलांना सायकलिंगचे प्रशिक्षण मिळते.

या सगळ्याच्या पाठीशी दुरुस्तीचे दुकान लागते, आणि आपल्या मुलीला खरा रस तिथे असावा असे वाटते. केपटाउनच्या बायसिकल एम्पॉवरमेंट नेटवर्कसारख्या संस्थांनी परदेशातून जुन्या सायकली आणून, स्थानिक लोकांना दुरुस्ती शिकवून, मालवाहू कंटेनरमध्येच वस्तीतली दुकाने थाटून दिली. कल्पना उत्तम आहे, पण त्या कंटेनरमधून उतरणारा माल डोळ्यांसमोर आणून पाहावा. एका सायकलीचे चाक २६ इंची, दुसरीचे ७००सी या निराळ्या मापाचे. एका ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारीच्या चाकासारखा जाड, दुसरीचा बारीक, आणि त्याच्या भोकात जाड व्हॉल्व्ह शिरत नाही. मागच्या चाकाचे दातेरी फ्रीव्हील काढायला प्रत्येक कंपनीचे हत्यार निराळे. दुकान चालवणारा तरुण चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, सफाईने काढतो, आसावरचे कोन नावाचे नट सैल करून छर्रे बदलतो, तरीही पन्नास रुपयांच्या भागासाठी सायकल महिनाभर टांगून ठेवण्याची वेळ त्याच्यावर येते. अशाने गिऱ्हाईक तुटते आणि दुकानही बसते. तिथल्या सरकारने २००१ मध्ये सुरू केलेल्या शोवा कलुला या सायकलवाटपाच्या योजनेतही सायकली वाटण्यापेक्षा त्या चालत्या ठेवणे अवघड ठरले.

वर्ल्ड बायसिकल रिलीफ या संस्थेने याच अडचणीवर उपाय म्हणून एकच बळकट नमुना तयार केला. बफेलो नावाच्या या सायकलीच्या मूळ नमुन्याला गिअर नाहीत, ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच आहे आणि कॅरिअर १०० किलो वजन पेलते. नमुना एकच असल्यामुळे सुटे भाग ठरलेले असतात आणि मेकॅनिकला शिकवायचेही ठरलेलेच असते. दक्षिण आफ्रिकेत क्युबेका ही संस्था अशा सायकली सरसकट फुकट न वाटता रोपे वाढवणे, कचरा गोळा करणे अशा कामांच्या मोबदल्यात देत आली आहे. उत्पादनरचना, साठा आणि पुरवठा हे अभियंत्याचे विषय इथे थेट माणसाच्या मिळकतीशी जोडलेले आहेत, आणि घरातल्या मंडळींच्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे.

पाना हातात घेऊन दुकानात बसण्याची जागा मात्र खोसा बोलणाऱ्या, त्याच वस्तीत वाढलेल्या मुलामुलींची आहे. प्रकल्प त्यांच्यासाठीच उभा आहे. नाशिकहून गेलेल्या पदवीधर मुलीने ती जागा अडवली, तर स्वयंसेवक म्हणून फुकट काम केले तरी तिने कोणाचा तरी रोजगार घेतला असेच होईल. तिने भाग मोजण्याची पद्धत बसवावी, प्रशिक्षणाची पुस्तिका लिहावी, दुरुस्तीचा दर कसा ठरवायचा याचा हिशोब मांडावा. पण हे सांगण्याचा अधिकार येण्यासाठी तिने आधी नाशिकच्याच एखाद्या चांगल्या सायकल दुकानात काही महिने हात काळे करावेत. रिमचा आऊट स्वतः न काढलेल्या माणसाची पुस्तिका मेकॅनिक उघडूनही पाहत नाही.

पैशाची आपली काळजी रास्त आहे. ही कामे देणग्यांवर चालतात, आणि देणगीची मुदत संपली की पदही संपते. क्युबेकाचे नाव मिरवणारा व्यावसायिक सायकल संघ २०१५ मध्ये टूर द फ्रान्स या शर्यतीत उतरला, त्याने एक टप्पाही जिंकला. तरी २०२१ अखेर प्रायोजकाअभावी तो संघ बंद झाला. संस्थेचे सामाजिक काम चालू राहिले, पण असल्या क्षेत्रात पगार कसा डळमळीत असतो याची कल्पना यावरून यावी. परदेशी व्यक्तीला तिथे नोकरीचा परवाना मिळणेही सोपे नाही, आणि पर्यटन व्हिसावर जाऊन काम करणे बेकायदा आहे. काही ओळखीचे लोक ‘जाऊन तर बघ, तिथे काहीतरी होईल’ असे सांगतील. त्यांचे ऐकू नये.

म्हणून कॅम्पस मुलाखतींना तिने जरूर बसावे, आणि पर्याय मिळाल्यास दुचाकी किंवा सायकल कंपनीचा विक्रीपश्चात सेवेचा अथवा सुट्या भागांचा विभाग निवडावा. डिझाइन विभागाइतका त्याला मान नसला, तरी तिला हवे ते तिथेच शिकायला मिळेल. दोनएक वर्षांनंतर पुढील शिक्षणाचा विचार करावा : गेट परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञान केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक., टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक उद्योजकता, किंवा केपटाउन विद्यापीठात वाहतूक अभ्यास. शेवटचा मार्ग खर्चाचा आहे, पण तिथे विद्यार्थी व्हिसावर राहून वस्तीतल्या प्रकल्पावर प्रबंध लिहिता येईल.

तोपर्यंत तिने एखाद्या संस्थेशी पत्रव्यवहार सुरू करावा. त्या पत्रात ‘मला तुमच्याकडे काम करायचे आहे’ असे न लिहिता, कोणते सुटे भाग सर्वाधिक अडतात आणि प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किती जण वर्षभरानंतरही दुरुस्तीवर कमावत आहेत, एवढेच विचारावे. उत्तर आले, तर मलाही ते वाचायला आवडेल.