निन्टेंडोचं हार्डवेअर समजून घ्यायचंय? आधी खेळ बघा

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीचं हार्डवेअर समजून घ्यायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न छान विचारलात. सुरुवातीलाच प्रोसेसर आणि रॅमचे तक्ते पाठ करायला बसू नका. बरेच नवखे तिथेच अडकतात आणि कंटाळून नाद सोडतात.

त्याऐवजी एकच जोडी नीट बघा: १९९६ चा निन्टेंडो ६४ हा गेम कन्सोल (टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र) आणि त्याच्यासोबत आलेला 'सुपर मारिओ ६४' हा खेळ. कंट्रोलरच्या मधोमध अ‍ॅनालॉग स्टिक आहे. ती अगदी जराशी ढकला, मारिओ चवड्यांवर दबकत जातो. आणखी ढकला, चालायला लागतो. पूर्ण ढकलली की धावत सुटतो. चार दिशांच्या बटणाला हे जमलंच नसतं. पिवळी सी बटणं कॅमेरा फिरवायला. खेळ आणि कंट्रोलर एकाच कंपनीच्या घरात घडले की काय होतं, ते अंगठ्यालाच कळतं!

नेहमीच्या दोन चुका टाळा:

- ताकद कमी म्हणजे डिझाइन फसलं, असं समजू नका. निन्टेंडोचा २००६ चा वी (Wii) हा कन्सोल सोनीच्या पीएस३ (प्लेस्टेशन ३) पेक्षा बराच कमजोर, तरी १० कोटींहून जास्त विकला गेला.
- घरचे खेळ आहेत म्हणजे यश ठरलेलंच, असंही नाही. २०१२ च्या वी यू (Wii U) या कन्सोलचा स्क्रीनवाला कंट्रोलर 'निन्टेंडो लँड' या खेळात शोभला, पण विक्री दीड कोटीपर्यंतही गेली नाही.

चिपच्या आतल्या गोष्टी सध्या राहू द्या. मारिओ झाला की १९९७ चा 'स्टार फॉक्स ६४' रंबल पॅक (कंट्रोलरला थरथरवणारा जोड) लावून खेळा आणि हाताला नेमकं कधी थरथरतं ते टिपून ठेवा. अडलात तर बिनधास्त विचारा.