मार्कस लॅटिमोरचा गुडघा आणि तुझा

प्रिय मित्रा,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुझ्या बाबांकडून कळलं. पुढच्या सीझनला खेळता येईल का, हेच तू दिवसभर विचारतोयस म्हणे. म्हणून लिहितोय.

तू अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू आहेस, तेव्हा मार्कस लॅटिमोर तुला माहीत असायलाच हवा. 2010 मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठाकडून पहिल्याच वर्षी त्याने चेंडू घेऊन एकूण 1,197 यार्ड धाव घेतली, आणि धावत 17 टचडाउन केले, म्हणजे चेंडू 17 वेळा समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेला. पण हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये जाता येत नाही, म्हणून तो विद्यापीठाकडूनच खेळत राहिला. ऑक्टोबर 2011 मध्ये डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा एक मुख्य लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा), फाटला. सावरून तो परत आला. 27 ऑक्टोबर 2012 ला, एकविसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, टेनेसी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात उजवा गुडघा निखळला आणि आतले अनेक लिगामेंट तुटले. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात त्याच्याभोवती जमले होते.

तरी 2013 मध्ये एनएफएलच्या फोर्टी-नाइनर्स संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) चौथ्या फेरीत घेतलं. पहिला मोसम गुडघा सावरण्यातच, रिहॅबमध्ये गेला. पुढच्या वर्षी तो सरावाला उतरला, पण नोव्हेंबर 2014 मध्ये एनएफएलचा एकही सामना न खेळता त्याने निवृत्ती घेतली. वय 23.

मला त्याचं पुन्हा उभं राहणं जेवढं मोठं वाटतं, तेवढंच हे थांबणंही. मेहनतीत तो कुठेच कमी पडला नव्हता. गुडघा रोजच्या आयुष्यापुरता बरा होणं वेगळं आणि पूर्ण वेगात वळताना टॅकल, म्हणजे पाडायला आलेल्याची धडक, झेलणं वेगळं, हे त्याने स्वतःशी कबूल केलं. पुढे त्याच विद्यापीठात तो खेळाडूंच्या विकासाचं काम बघू लागला.

तुझी दुखापत त्याच्यापेक्षा पुष्कळ साधी आहे. फक्त घाई करू नकोस. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला ग्राफ्ट (नवा पट्टा) मुरायला वेळ लागतो, आणि नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरलं तर गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच वाढतो. परतायची तारीख कोचला ठरवू देऊ नकोस. माणूस चांगला असला तरी त्याला शुक्रवारची मॅच दिसते. फिजिओला दोन्ही मांड्यांची ताकद मोजून आकडे दाखवायला सांग. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान नव्वद टक्क्यांवर येईपर्यंत हेल्मेट कपाटातच राहू दे.

मॅचच्या रात्री बाकावर बसवत नसेल तर घरी थांब. रडू आलं तर रड. आईबाबांपासून मात्र ते लपवू नकोस.

रविवारी फोन करतो. गुडघा किती वाकतो आणि सूज कितपत आहे, तेवढं सांग.

तुझा काका