गावाचा इतिहास लिहितोय. एकच माहिती पाच ठिकाणी सापडली, तर ती खरी धरावी का?

तुम्ही लिहिलंय की स्मरणिका, एक जुनं पुस्तक, दोन वेबसाइट आणि गावातले एक आजोबा असे पाचही जण एकच सांगतात. मी आधी एवढंच बघेन की हे पाच जण एकमेकांच्या वहीत डोकावून तर सांगत नाहीत ना.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकलो, तेव्हापासून जुने कागद वाचायचा नाद लागलाय. हा धडा मला शिवजन्मतिथीच्या वादानं शिकवला. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात जन्म मे १६२७ मधला दिलाय. उत्तरकालीन बखरींचा कलही शके १५४९ कडेच, म्हणजे १६२७ कडेच. पुढच्यांनी तेच उचललं. डोकी मोजायची तर १६२७ चा पक्ष भारी होता. मग १९१६ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही टिपणं. वर्णन नाही, अलंकार नाहीत, नुसत्या तिथी आणि घटना. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, म्हणजे इसवी १६३०.

एकटी शकावली असती तर वाद तिथंच लोंबकळला असता. पण परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी निघाली आणि त्या काव्याची पोथी मिळाली पार तंजावरला. राजस्थानात सापडलेल्या कुंडलीनंही १६३० च्याच बाजूनं कौल दिला. मावळातला देशमुख, संस्कृत कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल, हे पटणं अवघड. शिवाय वार ताडून बघता येतो. १९ फेब्रुवारी १६३० ला शुक्रवारच येतो. (ही तारीख ज्युलियन आहे, आजच्या पद्धतीनं ती १ मार्च होते. मोबाइलमधलं कॅलेंडर मागे सरकवून ‘वार चुकतोय’ म्हणणारे दोघे मला भेटलेत.)

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच जास्त कामाची. ‘हा कागद विश्वासार्ह आहे का’ असा प्रश्न विचारूच नका. कशाबद्दल विश्वासार्ह, ते विचारा. तुमच्या गावाचं काम असेल तर पाटीलकीच्या नाहीतर कुलकर्णाच्या भांडणाची एखादी कैफियत हाती लागेलच. कैफियत म्हणजे एका पक्षाचं म्हणणं. आमच्या भागातली अशी एक मी वाचली. वादी म्हणतो, वतन आमच्याकडे बेदरच्या पादशाहीपासून चालत आलंय. म्हणणारच, वतन त्यालाच हवंय! वतनाच्या तंट्यात कागद हेच हत्यार, त्यामुळे बनावट महजरही (पंचांसमोर झालेले निवाड्याचे कागद) कमी नाहीत. पण त्याच कैफियतीत तो बोलता बोलता सांगून जातो की दुष्काळात गाव ओस पडला, आम्ही घाटाखाली गेलो, परत आलो तर ओढ्यापलीकडच्या मळ्यात दुसराच नांगर धरून उभा. ओढ्यापलीकडे मळा होता हे खोटं सांगून त्याला काय मिळणार होतं? शिवाय ज्यांच्यासमोर हे वाचलं जायचं, त्यांना तो मळा ठाऊक होता. असं सहज ओघात आलेलं वाक्य मी आधी वहीत उतरवतो. वतन किती जुनं, हे मात्र ‘वादीचं म्हणणं’ असा शेरा मारूनच.

गॅझेटियरचंही, म्हणजे इंग्रजांनी काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचंही, तेच. साताऱ्याचा १८८५ चा खंड घ्या. बाजाराचा वार, शाळा, लोकसंख्या याला तो चांगला. देवळाची आख्यायिका मात्र साहेबाला कुणीतरी सांगितली तशी आलेली. आजोबांना ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं’ एवढं जरूर विचारा. अर्ध्या वेळा उत्तर ‘पुस्तकात वाचलं’ असं येतं आणि तुमचा एक साक्षीदार तिथंच कमी होतो.

आता माझी फजिती. एका देवस्थानाच्या स्मरणिकेसाठी मी एका इनामपत्रावर लेख लिहिला होता. कागदाच्या पाठीवर दुसऱ्याच हातानं ‘सन ११५८’ असं टिपलेलं. मी ते फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं साल धरलं, ५९० मिळवले आणि १७४८ लिहून मोकळा झालो. पुढच्या बाजूला पहिल्याच ओळीत ‘समान खमसैन मया व अलफ’ असं स्वच्छ होतं. म्हणजे आठ, पन्नास, शंभर आणि हजार, सुहूर सन ११५८ (मराठी कागदांत साल अरबी शब्दांत लिहायची वेगळी कालगणना). सुहूरमध्ये ५९९ मिळवायचे, म्हणजे इसवी १७५७-५८. नऊ वर्षांचा फरक. माझ्या मोडीच्या गुरुजींनी कागद बघून एवढंच विचारलं, “पुढून वाचलात की नुसता मागून?”

पण तोवर स्मरणिका छापून वाटून झाली होती. गेल्या वर्षी एक तरुण हौशीनं भेटायला आला. त्याच्याकडे त्या इनामाचं साल तीन ठिकाणांहून काढलेलं, तिन्हीकडे १७४८. मी म्हटलं, “अरे, हे चुकलंय, मीच चुकवलंय.” तो ऐकेना. म्हणाला, “काका, तीन पुरावे आहेत, तुम्ही एकटेच वेगळं सांगताय.”